तोंडारेबाईंचं मराठी पान

डॉ. अंबिका तोंडारे यांच्याशी माझी जेवढी भांडणं झाली, तेवढी घरातही कोणाशी झाली नाहीत. त्या लातूरच्या, मी नांदेडचा. दोघंही लहान मुलांचे डॉक्टर. मी वयानं बराच लहान, म्हणून त्या मला सरळ रामकिशन म्हणतात आणि मी त्यांना मॅडम. लातुरात सगळे त्यांना तोंडारेबाई म्हणून ओळखतात. सत्तरी जवळ आली तरी त्यांची सकाळची ओपीडी सुटलेली नाही आणि ‘मराठवाडा बालरोग त्रैमासिक’ही सुटलेलं नाही. ही आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची छोटीशी शोधपत्रिका. बाई त्याच्या संपादक. मी सहसंपादक, म्हणजे भोकर, देगलूरकडच्या डॉक्टरांकडून लेख गोळा करायचे आणि त्यातल्या चुकांसाठी बोलणी खायची.

बोलणी ऐकवण्यात बाई हयगय करत नाहीत. देवणीच्या एका डॉक्टरनं लेखाची सुरुवात ‘हे सर्वांना माहीतच आहे’ अशी केली, तर त्यावर लाल गोल करून त्यांनी लिहिलं, ‘कोणाला?’ आणि लेख परत पाठवला. तो डॉक्टर वर्षभर माझ्याकडे तक्रार करत होता. पुढचा लेख मात्र त्यानं चांगला लिहिला.

लेख इंग्रजीत असतात, कारण आम्हाला आजार इंग्रजीतच शिकवले आणि मराठीत लिहायला बसलं की आमचा हात अडतो. पण प्रत्येक लेखाच्या शेवटी एक मराठी पान असतं आणि ते बाई स्वतः लिहितात. त्यात ‘प्रादुर्भाव’ नाही, ‘लक्षणे आढळून आली’ नाही. लेकराला काय झालं, कशानं झालं, काय केल्यावर बरं झालं, एवढंच. लिहून झालं की दवाखान्यातल्या मावशींना वाचून दाखवायचं. मावशी मध्येच ‘म्हंजे?’ म्हणाल्या की ते वाक्य गेलं.

त्या पानाच्या तळाशी पूर्वी आभाराची एक ओळ असायची. तीत लेकराचं नाव, आईचं नाव आणि गाव. जगभरच्या शोधपत्रिका रुग्णाचं नाव लपवतात. बाईंचा खाक्या उलटा. “लेखावर डॉक्टरचं नाव, तपासणाऱ्याचं नाव, प्रेसवाल्याचं बी नाव,” त्या म्हणायच्या, “आन् ज्याच्या अंगावर आपण शिकलो ते लेकरू मात्र नुसतं ‘चार वर्षांचा मुलगा’?” आईबापाला आधी विचारलेलं असायचं, तोंडी. अंक निघाला की एक प्रत आणि एक नारळ घेऊन बाई त्या घरी जायच्या. घरच्यांना त्यात मान वाटायचा, काहींनी तर ते पान फ्रेम करून भिंतीवर लावलं. बाकीच्या प्रती एसटीच्या पार्सलनं निलंगा, उदगीर अशा जायच्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर धूळ खायच्या. पुढे नियम कडक झाले, संघटनेनं ठराव केला आणि बाईंनी कुरकुरत ती ओळ बंद केली. जुने अंक कपाटात होते तसेच राहिले.

बाईंच्या डोक्यात एक गोष्ट मात्र घट्ट बसली होती. एकदा देवणीकडचं एक तान्हं बाळ त्यांच्याकडे आलं. पोट फुगलं म्हणून घरच्यांनी बिब्बा तापवून पोटावर लावला होता आणि बाळाच्या अंगभर फोड उठले होते. बिब्ब्याच्या विषावरचा एक लेख एका परदेशी शोधपत्रिकेत आलेला त्यांना ठाऊक होता. लिहिणारे डॉक्टर आपल्या देशातले, त्यातली बाळं आपल्याच खेड्यांतली, आणि लेख उघडायला गेलं तर साइट डॉलर मागायला लागली. बाळ लेख न वाचताच बरं झालं. पण बाई ते विसरल्या नाहीत. “दुखणं आपल्या लेकराचं, लिवणारा आपला, आन् कुलूप त्यांचं,” हे मी त्यांच्या तोंडून किती सभांमध्ये ऐकलं असेल. आपण काम सोडायच्या आधी त्रैमासिकाचा पहिल्या अंकापासूनचा प्रत्येक कागद कोणालाही, कुठेही, फुकट वाचता आला पाहिजे, असा त्यांनी ध्यास घेतला. एक पानसुद्धा बंद ठेवायचं नाही.

कोविडनंतर छपाई परवडेना, तेव्हा संघटनेनं नांदेडला बैठक बोलावली. मला संघटनेच्या बैठकांचा तिटकारा आहे. अर्धा वेळ स्वागतात जातो आणि उरलेला जेवणाची वाट बघण्यात. या बैठकीला एका मोठ्या प्रकाशन कंपनीचा माणूस टाय लावून आला होता. त्यानं तीन रस्ते सांगितले. पहिला, शोधपत्रिका कंपनीला द्या. लेख कुलपात राहतील, वाचणारा पैसे भरेल, संघटनेला वाटा मिळेल. दुसरा, ओपन ॲक्सेस. लेख सगळ्यांना खुले, पण छापून यायचे पैसे लेखकानं भरायचे. तिसरा त्यानं नाक मुरडतच सांगितला. सगळं तुमचं तुम्ही चालवा, लेखकालाही फुकट आणि वाचकालाही. फक्त मागे मोठं नाव नाही, म्हणजे जगात कोणी विचारणार नाही.

“भोकरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरनं लिवलं तर पैसे कोण भरणार?” बाईंनी त्याला विचारलं.

“सवलतीसाठी अर्ज करता येतो, मॅडम.”

“म्हंजे लिवायचं बी आम्ही आन् हात बी आम्हीच पसरायचे.”

तिसरा रस्ता मंजूर झाला. निम्म्या लोकांना तो पटला होता आणि निम्म्यांना भूक लागली होती.

त्यानंतरचं वर्षभर बाईंनी आमचा जीव खाल्ला. विद्यापीठाच्या ग्रंथालयानं आपल्या सर्व्हरवर जागा दिली, सॉफ्टवेअर फुकट मिळालं, प्रत्येक लेख दोघांनी तपासायचा ही शिस्त बाईंकडे आधीपासून होतीच. राहिलं लायसन्स. ग्रंथपालांनी समजावलं की खुलं म्हणजे नुसतं वाचू देणं नव्हे. सर्वांत मोकळं लायसन्स घेतलं तर कोणीही लेख उतरवून घ्यावा, आपल्या साइटवर ठेवावा, भाषांतर करावं, विकला तरी चालेल; मूळ लेखकाचं नाव तेवढं द्यावं. याहून आवळलेली लायसन्सही होती. बाई म्हणाल्या, “द्यायचं तर हात आखडून कशाला?” आणि सर्वांत मोकळं घेतलं.

जुन्या अंकांची इंग्रजी पानं मशीननं वाचून घेतली, पण मराठीचा जुना टाइप त्याला वाचता येईना. मी म्हटलं, मराठी पानांचे नुसते फोटो टाकू. त्यावरून आमचं नेहमीसारखं वाजलं. बाई दुपारी ओपीडी उरकून संगणकापुढे बसायच्या आणि ती पानं पहिल्यापासून टाइप करायच्या. शब्द न शब्द, आभाराच्या ओळीसकट. छापलेल्या कागदातलं काही गाळणं म्हणजे लबाडी, असं त्यांचं मत.

आणि त्रैमासिक इंटरनेटवर उघडलं. बिहारमधून एका डॉक्टरचं पत्र आलं, सुदानमधून एकाचं. देवणीच्या त्या बाळावरून आम्ही छापलेला बिब्ब्याचा लेख तेलंगणातल्या लोकांनी वाचला. बाई रोज सकाळी मला फोन करून काल किती लोकांनी काय वाचलं ते सांगायच्या, आणि खरं सांगतो, त्या इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सर्वांत जास्त वाचला जात होता त्यांचाच एक जुना लेख. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांतल्या मुलांच्या मेंदूत जंताची गाठ कशी होते, यावरचा. त्याचं मराठी पान असं होतं: ‘हा जंत डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात येतो. पण डोक्यात त्याची गाठ व्हायला मांस खावंच लागतं असं नाही. ज्याच्या पोटात जंत आहे तो उघड्यावर बसतो, ते पाणी भाजीला जातं, आणि न धुतलेल्या कोबी-कोथिंबिरीतून जंताची अंडी कोणाच्याही लेकराच्या पोटात जातात. तिथून डोक्यात जाऊन गाठ होते आणि लेकराला झटके येतात. औषधानं हे पूर्ण बरं होतं.’ खाली आभार. अक्षरा, आई सिद्धम्मा, आडनाव, रेणापूर तालुक्यातलं त्यांचं गाव.

सिद्धम्मा दवाखान्यात आल्या त्या दिवशी मी लातुरातच होतो. शेती करणाऱ्या लिंगायत घरातल्या बाई, गळ्यात लिंग, डोक्यावर पदर. त्यांनी बाईंना शरणार्थ म्हणत वाकून नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. अक्षराला देगलूरचं स्थळ आलं होतं. कापडाचं दुकान, माणसं चांगली, पसंती झालेली. मुलाच्या बहिणीनं सहज म्हणून अक्षराचं नाव आणि गाव फोनवर टाकून शोधलं.

“पयलंच तुमचं पान आलं बगा,” सिद्धम्मा म्हणाल्या. “डोक्यात किडा व्हता, फिट येत व्हती, समदं लिवलंय. आन् डुकराचं बी नाव हाय. मॅडम, आमच्या घरात कदी अंडं बी आलं न्हाई. ते इचारून राहिले, लिंगायताच्या घरात डुक्कर कुटून आलं मनून.”

“औषधानं बरं होतं असं बी लिवलंय की त्यात,” बाई म्हणाल्या.

“हाव. पन ते खाली हाय. तितवर कोन वाचतंय?” सिद्धम्मांनी पदरानं तोंड पुसलं. “तुमी माजं लेकरू वाचिवलं. तुमच्यावर राग न्हाई माजा. पन तेवडं काडून टाका.”

अक्षराची ओळ आम्ही तिथेच काढली. दुसऱ्या दिवसापासून बाई पुन्हा संगणकापुढे बसल्या आणि ज्या ओळी त्यांनी इतक्या निगुतीनं टाइप केल्या होत्या त्या एकेक करून काढू लागल्या. पण आमच्या साइटवरून काढून काय होणार होतं? आरोग्यावरच्या एका मराठी साइटनं आमची सगळी मराठी पानं उचलली होती आणि शेजारी गॅसच्या चूर्णाच्या जाहिराती लावल्या होत्या. बाईंनी त्यांना कडक पत्र लिहिलं. उलट अत्यंत नम्र उत्तर आलं. लायसन्समध्ये परवानगी आहे, आम्ही लेखक म्हणून आपलं नावही दिलं आहे. मला त्या माणसाचा संताप आला, पण त्याची चूक काढता येईना. पत्रांवर पत्रं गेल्यावर त्यानं मेहरबानी केल्यासारखी नावं काढली. तोवर त्या पानाचा फोटो देगलूरच्या पाहुण्यारावळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरून आला होता, आणि तो कोणाकडे परत मागायचा?

शेवटी बाईंनी ठरवलं की आपण स्वतः मुलाच्या घरी जायचं. डॉक्टर समोर बसून सांगतो तेव्हा लोक ऐकतात, असा त्यांचा जन्माचा अनुभव. एका रविवारी त्या लातूरहून गाडी घेऊन देगलूरला आल्या आणि मी नांदेडहून एसटीनं. मुलाचे वडील बसलिंगप्पा यांनी आमचं आदरानं स्वागत केलं. गादीवर बसवलं, पोहे दिले, चहा दिला. बाईंनी सगळं समजावलं. जंत कसा जातो, गाठ कशी विरते, मुलीला इतक्या वर्षांत काही झालेलं नाही, पुढे होणार नाही, तिच्या मुलांना होणार नाही. मी अनेक तज्ज्ञांची भाषणं ऐकली आहेत, इतकं स्वच्छ बोललेलं क्वचित ऐकलं.

बसलिंगप्पांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, “अक्का, तुमचं पान आम्ही घरातल्या समद्यांनी वाचलं. लई सोपं लिवलंय तुमी. बरी झाली ते बी समजलं, कोबीचं बी समजलं. माजा इश्वास हाय तुमच्यावर. पन आता सोयऱ्याधायऱ्यांनी वाचलंय, दुकानात गिऱ्हाईक बी इचारून राहिलंय. तुमी घरी येऊन आमाला सांगितलं. मी किती जनांच्या घरी जाऊ?”

माणूस वाईट नव्हता, म्हणून भांडताही येईना. आम्ही उठलो. त्यांनी बाईंना दारापर्यंत पोचवलं.

मी बाईंच्या गाडीतच बसलो, कारण त्यांना एकटं सोडवेना.  उदगीरजवळ त्या म्हणाल्या, “रामकिशन, ते पान मी वाईट लिवलं असतं तर बरं झालं असतं.” 

लातूर मागे टाकून आम्ही रेणापूरला गेलो. अक्षरा डी.फार्म. होऊन तिथल्या एका मेडिकलवर काम करते, हे सिद्धम्मांनी सांगितलं होतं. बाईंना तिची माफी मागायची होती, आणि तो लेखच मागे घ्यायचा का ते विचारायचं होतं. एक पानही बंद ठेवायचं नाही म्हणणाऱ्या बाईंनी स्वतःचा सर्वांत चांगला लेख बंद करायची तयारी केली होती. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. काउंटरमागे एक शिडशिडीत मुलगी गोळ्यांच्या पट्ट्या लावत होती. बाईंनी नाव सांगताच तिनं काउंटरवरूनच वाकून नमस्कार केला आणि बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. बाई उभ्याच राहिल्या.

“पोरी, चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “तुझं दुखणं मी जगाला दाखवलं.”

“जगाचं जाऊ द्या, मॅडम,” अक्षरा म्हणाली. “मला फिट येत होत्या, हे मला त्यांच्या बहिणीच्या फोनवरून कळलं. आई म्हणायची, लहानपणी ताप डोक्यात गेला होता. गोळ्या ताकदीच्या म्हणून दिल्या. पुस्तकात माझं नाव आलंय, एवढं मात्र सारखं सांगायची, पण ते पुस्तक कधी दाखवलं न्हाई. मला वाटायचं, हुशारीसाठी आलंय.”

बाई घाईनं बोलायला लागल्या. जंत, भाजी, गाठ, गोळ्या. आता काही नाही, पुढेही काही नाही. अक्षरा मान हलवत ऐकत होती. अल्बेंडाझोलचं नाव आल्यावर तर ते औषध ती रोजच विकते म्हणाली. तिला धीर आलासा दिसला, म्हणून बाई पुढे म्हणाल्या, “काळजी करू नको. आम्ही सकाळीच देगलूरला जाऊन आलो. त्यांना समदं नीट समजावून सांगितलंय.”

अक्षराचा पट्टी लावणारा हात थांबला.

“आधी तिकडं गेल्या?”

“हाव.”

“मग इकडं आल्या.”

तिनं आवाज चढवला नव्हता. तोंडारेबाई मागे सरकून बाकावर बसल्या.  त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी त्या मुलीपुढे उभं राहायची लाजही वाटली.

एक गिऱ्हाईक आलं, खोकल्याची बाटली घेऊन गेलं.

“तो लेख ठेवू का काढून टाकू?” मग बाईंनी विचारलं. “तू म्हणशील तसं. तुझ्या आईला विचारत न्हाई, तुला विचारून राहिले.”

“मी काय सांगू?” अक्षरा म्हणाली. “मी वाचलाच न्हाई अजून. त्या दिवशी त्यांनी फोन समोर धरला आन् लगेच काढून घेतला. नंतर मला कोणी पाठवला न्हाई. लई दिवसांनी धीर करून माझ्या नावानं शोधला तर काहीच निघंना. तोवर तुम्ही नाव काढून टाकलं होतं.”

बाईंनी पिशवीतून छापील प्रत काढून तिच्या हातात दिली. अक्षरानं मागचं स्टूल ओढलं, गल्ल्याजवळचा दिवा लावला आणि बसली.

“आधी मला वाचू तरी द्या,” ती म्हणाली.

तिचं वाचून होईपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो.